खजुरीच्या बागेतला मुक्काम

अल्जिअर्स, ३ सप्टेंबर १९८९

प्रिय फाफा मामी,

सलाम. मी बरी आहे. वसतिगृहात पाणी दिवसाआड येतं, बाकी तक्रार नाही.

कामाचं लिहिते. १४ ते १७ ऑक्टोबरला आपल्या खोऱ्यात वाळवंटातल्या पाणीवाटपावर परिषद भरणार आहे. नऊ देशांतून सव्वीस तज्ज्ञ येतील. त्यांच्यासाठी माहितीपुस्तिका लिहायचं काम आमच्या जलखात्याने माझ्याकडे दिलं आहे. प्रवास कसा करावा, उतरावं कुठे, काय पाहावं, कसं वागावं, हे सगळं. मी तिथली आहे, एवढंच कारण.

मसुदा सोबत जोडला आहे. चुकलं असेल तिथे खूण कर. आत्तापर्यंत एवढं लिहिलंय : अल्जिअर्सहून बसने दहा तास, डावीकडची जागा घ्यावी, दुपारचं ऊन उजवीकडे येतं. तटाच्या आतल्या गावात स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नये. बायकांचे फोटो काढू नयेत. गावात तंबाखू ओढू नये. सूर्य मावळल्यावर परक्याने तटाच्या आत थांबू नये.

मुक्कामाची यादी माझ्याकडे येण्याआधीच ठरली होती. पंधरा जण बाजारपेठेतल्या हॉटेलात. अकरा जण ‘श्री. हम्मू यांची खजुरीच्या बागेतली अतिथिगृहे’ इथे, म्हणजे मामांच्या बागेत.

मला एक माप हवं आहे. बागेच्या खालच्या भिंतीत, नदीपात्राच्या बाजूला, जमिनीलगत पूर्वी तीन दगडी भोकं होती. पुराचं पाणी बागेतून बाहेर पडायची ती वाट. ती उघडी आहेत का? असली तर किती रुंद? शिवणाच्या टेपने मोज. मामांना विचारू नकोस, स्वतः जाऊन बघ. फोनही नको. फोन दुकानात आहे आणि दुकानात मामा असतात. उत्तर बसवाल्या दाऊदच्या हाती दे.

तुझी,
सेत्ती

———

९ सप्टेंबर

लाडके सेत्ती,

हे पत्र आहे की डॉक्टरची चिठ्ठी? मामी कशी आहेस, गुडघा दुखतो का, एक अक्षर नाही. दुखतो. विचारल्याबद्दल उपकार झाले तुझे.

तुझी पुस्तिका मी दोनदा वाचली. हे करू नका, ते करू नका, तिकडे जाऊ नका. अगं, पाहुणे बोलावतेयस की कैदी? खायचं कुठेच लिहिलं नाहीस. चहाचे तीन पेले होईपर्यंत उठायचं नसतं, हे कोण सांगणार त्यांना? दुसऱ्या पेल्यालाच उठले तर तुझे मामा महिनाभर माझं डोकं खातील, ‘चहात काय कमी पडलं होतं?’ म्हणून.

इकडे तर लग्नघर झालंय. तुझ्या मामांनी बावीस नवीन गाद्या आणल्या. मी म्हटलं, “पाहुणे अकरा ना?” तर म्हणतात, “परदेशी लोक आहेत, त्यांना खाली एक, वर एक लागत असेल.” वर एक! पांघरायला गादी! हसून हसून माझी पुरेवाट झाली.

आता तुझी भोकं. मी टेप घेऊन गेले. भोकं नाहीत गं. तिथे आता पाहुण्यांची न्हाणीघरं आहेत, निळ्या फरशांची, बघत राहावं अशी. बाहेरच्या बाजूने वाळू इतकी चढलीय की भिंतीचा खालचा भाग दिसतच नाही. सहा वर्षं पूर आला नाही, वाळू चढणारच. सगळे म्हणतात, भोकं वाळूखाली असतील. पूर आला की पाणीच वाट करून घेतं.

खजुरीचे शेंडे सुकलेत. दर शुक्रवारी पुरासाठी दुआ होते. तूही कर.

तुझी मामी
फाफा

———

१३ सप्टेंबर

प्रिय मामी,

तुझा गुडघा दुखतो हे मला माहीत होतं. विचारायला हवं होतं.

वाळूखाली भोकं नाहीत. पाहुण्यांना बागेत उतरवता येणार नाही. टेकडीवरच्या शाळेचे चार वर्ग मिळतील का, म्हणून मी खात्याकडे अर्ज केला आहे. मामांना तू एवढंच सांग, की परदेशी लोक विंचवांना फार घाबरतात, बागेत झोपायला तयार नाहीत. जास्त बोलू नकोस.

चहाच्या तीन पेल्यांचं पुस्तिकेत घातलं आहे.

पुरासाठी दुआ मी या महिन्यात करणार नाही. तूही करू नकोस, असं लिहायचं होतं, पण ते तुला पटणार नाही.

सेत्ती

———

२० सप्टेंबर

सेत्तीस आशीर्वाद.

तुझी मामी पत्र वाचताना ओठ हलवते आणि आवाजही करते, हे तू विसरलीस. विंचवांचं मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून ऐकलं. अल्जिअर्सला शिकून तुला एवढीच थाप सुचली?

सरळ बोलू. शाळा मिळणार नाही, मी हेडमास्तरांना विचारून आलो. तटाच्या आत परक्याचा मुक्काम होत नाही, ते तूच पुस्तिकेत लिहिलंयस. बाजारातलं हॉटेल भरलंय. मग अकरा माणसं झोपवणार कुठे, उंटावर?

आणि भिंतीचं म्हणशील तर ती आखली कोणी? नकाशा माझ्या पेटीत आहे. खाली कोपऱ्यात निळ्या शाईने तुझं नाव. वीस वर्षांची होतीस. साऱ्या बागाईतात मी तो नाचवत फिरलो, बघा म्हटलं, माझी भाची. तुला शिकायला खोऱ्याबाहेर पाठवली तेव्हा मशिदीत दोन वर्षं कोणी माझ्याशेजारी बसायला राजी नव्हतं. मी कधी बोललो तुला? नाही बोललो. आजही बोललो नसतो.

भिंत सहा वर्षं उभी आहे. चार दिवसांत तिला काय धाड भरणार आहे?

हम्मू

———

२५ सप्टेंबर

आदरणीय मामा,

होय. नकाशा माझा आहे. मामीला मी हे सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

मी भिंतीवर येणारा वाळूचा भार मोजला. पाण्याचा मोजला नाही. बाहेरची वाट दाखवली नाही, कारण तुम्ही म्हणालात की पुराच्या पंचांशी बोलून घेईन. तुम्ही बोललात का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता मोजलं आहे. बाग चाळीस मीटर लांब, पंचवीस रुंद. वरच्या भिंतीतलं आत येणारं दार पंचांनी तुमच्या झाडांच्या संख्येवरून ठरवलेलं आहे, ते बंद करता येत नाही. मध्यम पुरात त्यातून पाणी आलं तर बाग पुरुषभर भरायला पस्तीस मिनिटं लागतात. खोल्यांची जमीन थंडाव्यासाठी बागेपेक्षा हातभर खाली आहे, तीही मीच सुचवली होती. दारं बाहेर उघडतात, आत खाटेला जागा मिळावी म्हणून. दाराबाहेर गुडघ्याच्या वर पाणी आलं की एका माणसाला ते आतून ढकलता येत नाही. तिथवर यायला दहा मिनिटं लागतात.

पुराची चाहूल लागली की टेकडीवरचे राखणदार बंदुका उडवतात. आपले लोक ते ऐकून आनंदाने पात्राकडे धावतात. पाहुणे काय करतील? आपले लोक हसताहेत, धावताहेत, म्हणजे सण असेल असं समजून तेही पाहायला थांबतील.

भिंत पाडा. सगळी नको, खालची पाच मीटर पुरे. न्हाणीघरं जातील.

१ ऑक्टोबरपर्यंत पाडली नाही तर मी पंचांचे मुख्य बाहमद यांना लिहीन. तुमचं नाव घालीन, माझंही.

तुमची,
सेत्ती

———

३० सप्टेंबर

सेत्ती,

काय लिहिलंस तू त्यांना? चार दिवस झाले, दुकान उघडतात, पण गिऱ्हाइकाने साखर मागितली तर मीठ देतात. दुपारी बागेत जाऊन त्या भिंतीकडे तोंड करून बसतात. मी विचारलं, तर म्हणाले, “परिषद झाली की पाडतो. आता पाडली तर सगळे विचारतील, का पाडली.” मी म्हटलं, “विचारू देत.” तर म्हणाले, “आणि मी काय सांगू? सहा वर्षं पंचांना न विचारता पुराची वाट अडवून बसलो होतो, हे?”

त्याचा अर्थ तुला कळतो ना? तू शहरात राहतेस, तुला वाटतं पत्र गेलं, चौकशी झाली, दंड भरला, संपलं. इथे वाळीत टाकतात. सलामाला सलाम नाही, दुकानात पाऊल नाही, मेल्यावर अंगाला पाणी घालायलाही कोणी नाही. वसंतात गावातल्या सामुदायिक लग्नात माझ्या लालाचं नाव आहे. वाळीत टाकलेल्याच्या मुलीला कोण घेईल?

लिहू नकोस गं. मी तुला कधी काही मागितलं नाही. हे मागते. पंधरवड्याचा तर प्रश्न आहे. सहा वर्षं नाही आला, तो काय तुझे पाहुणे आले म्हणून येणार आहे?

फाफा

———

४ ऑक्टोबर

मामी,

भिंत पाडली नाही. बाहमद यांना मी आज लिहिलं. लखोटा याच पत्राबरोबर दाऊदकडे दिला आहे, त्याने तो त्यांच्या घरी नेऊन द्यायचा आहे.

लालाच्या लग्नाचा विचार मी केला. रोज करते. त्याच्या दुसऱ्या पारड्यात अकरा माणसं घालते आणि पारडं दर वेळी त्याच बाजूला झुकतं. तू मला माफ करशील असं मी धरून चाललेले नाही.

पुस्तिकेत शेवटी एक परिच्छेद वाढवला आहे. ‘टेकड्यांवरून बंदुकांचे आवाज आले आणि स्थानिक लोक हसत, ओरडत नदीकडे धावताना दिसले, तर त्यांच्यामागे जाऊ नये. ताबडतोब उंचावर चढावे. सामान घेऊ नये.’ साहेब म्हणाले, यामुळे पाहुणे घाबरतील. मी म्हटलं, त्यासाठीच लिहिलंय.

या वर्षी मी स्वतः घाबरले आहे. हे तुला सांगायला नको होतं, पण आता लिहिलं गेलं.

सेत्ती

———

९ ऑक्टोबर

सेत्ती,

दाऊद गेली दहा वर्षं सगळी पत्रं आपल्या दुकानाच्या फळीवर टाकतो, तुला माहीत नाही? तू सांगितलंस ‘घरी नेऊन दे’, तो म्हणाला ‘हो’, आणि फळीवर टाकून चहा प्यायला गेला. तुझ्या मामांनी अक्षर ओळखलं.

मी समोर होते. लखोटा फोडला, सावकाश वाचला, पुन्हा वाचला. मग उठून मागे गेले आणि चुलीत घातला. मी मनात म्हटलं, सुटलो. खोटं कशाला बोलू, असंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जुम्म्याची नमाज झाल्यावर ते मशिदीत उभे राहिले. सगळ्यांसमोर. हे मला बायकांकडून कळलं, त्यांनी घरी येऊन सांगितलं नाही. म्हणाले, “मी हम्मू. पुराची वाट अडवली. सहा वर्षं लपवलं.” बाहमदनी विचारलं, “भिंत आखून कोणी दिली?” तर म्हणाले, “दोरी लावली आणि डोळ्याने आखली. दुसरं कोणी नव्हतं.” कागद त्यांनी का जाळला ते मला तेव्हा कळलं. त्याच्याखाली तुझी सही होती.

वाळीत टाकलं. शनिवारी तीसेक माणसं पहारी घेऊन आली आणि भिंत पाडली. हे त्यांच्यातच दगड उचलत होते, पण एकही माणूस यांच्याशी बोलला नाही. मी चहा नेला. कोणी हात लावला नाही. सगळा ओतून दिला, खजुरीच्या मुळाशी.

तुझे पाहुणे वेशीबाहेरच्या, कुळाच्या सामाईक घरात उतरतील, पंचांनी ते उघडून दिलं. आपल्या गाद्याही नेल्या. माणूस चालत नाही, गाद्या चालतात.

आता एक विचारते. रागावून नाही, नुसतंच. तू अकरा माणसांसाठी चार पत्रं लिहिलीस, मिनिटं मोजलीस, दारं मोजलीस. त्या खोल्यांमध्ये सहा उन्हाळे कोण झोपलं? मी झोपले. लाला झोपली. बाहेर उघडणाऱ्या दाराला कडी घालून, गारवा छान आहे म्हणत. तेव्हा तू एकदाही टेप मागितली नाहीस. परदेशी माणूस बुडाला तर पेपरात येतं म्हणून का?

माझ्याशी सध्या एकच बाई बोलते, शेजारची विधवा मन्ना, तेही कुंपणापलीकडून. खजूर उतरवायचा हंगाम आहे, म्हणून चार मुली घेऊन बागेतच राहायला आलीय. नवऱ्याने मरायच्या आधी बांधलेल्या खोल्यांमध्ये. म्हणते, “तुमच्यासारख्याच आहेत, गार.”

फाफा

———

अल्जिअर्सहून येणाऱ्या बसमध्ये, ११ ऑक्टोबर

पुराच्या पंचांचे मुख्य, श्री. बाहमद यांस,

मी हम्मू यांची भाची सेत्ती, जलखात्यात अभियंता. हे पत्र दाऊदच्या हाती दिलेलं नाही. मी स्वतः घेऊन येते आहे. समोर उभी राहिल्यावर एखादा आकडा किंवा एखादं वाक्य तोंडून सुटेल अशी भीती वाटते, म्हणून लिहिते. बस हलते आहे, अक्षराबद्दल क्षमा असावी.

हम्मू मामांनी आपल्याला सांगितलं ते अर्धं खरं आहे. वाट त्यांनी अडवली. भिंत मी आखली. दोरी नव्हती, कागद होता, आणि त्यावर माझी सही होती. तो त्यांच्या पेटीत असेल. माझं नाव वाचवण्यासाठी त्यांनी तोही जाळला असेल, तर माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा.

तसाच नकाशा मी त्याच उन्हाळ्यात आणखी दोघांना काढून दिला. मामांची भिंत पाहून ते आले होते, आणि माझं कौतुक झालेलं मला आवडलं होतं. एक मन्नाचे यजमान. दुसरे नळकाम करणारे सालाह, मशिदीच्या वाटेवरून खाली गेल्यावर सातवी बाग. दोघांच्याही खालच्या भिंतीत पाण्याला वाट नाही. दोघांच्याही खोल्यांची दारं बाहेर उघडतात.

आपण ‘भोकं वाळूखाली आहेत’ असं धरून चालाल. सगळेच तसं धरून चालतात. कृपया तसं धरू नये. आत न्हाणीघराच्या मागच्या बाजूला पहार मारून पाहावी. सलग दगड लागेल.

या दोन बागांविषयी मी कोणालाही काही लिहिलं नाही, कारण तिथे परिषदेचा एकही पाहुणा नव्हता. माझ्या यादीत फक्त पाहुणे होते. ही चूक मामीच्या पत्रामुळे काल माझ्या लक्षात आली. मी स्वतःहून ती पाहिली नाही, हेही नोंदवून ठेवते.

मन्नाची बाग मामांच्या बागेपेक्षा लहान आहे. ती पंचवीस मिनिटांत भरेल, आणि दार अडायला आठ मिनिटं पुरतील. तिची धाकटी मुलगी सहा वर्षांची आहे.

हवामान कार्यालयातल्या मैत्रिणीने काल संध्याकाळी सांगितलं की वायव्येच्या पठारावर आज दुपारपासून पाऊस धरेल. मामांच्या दुकानातला फोन रात्री आणि सकाळीही लागला नाही. पाऊस पडेलच असं नाही. पडला तर तिथलं पाणी आपल्यापर्यंत यायला सहा ते सात तास लागतात. आत्ता दुपारचे साडेतीन वाजले आहेत. बस साडेसातला पोहोचते.

माझी विनंती या क्रमाने आहे. प्रथम मन्ना, तिच्या मुली आणि सालाह यांच्या घरची माणसं, यांना बागेतून वर आणावं. त्यांना कारण सांगत बसू नये. सांगायला लागलं की त्या खजूर गोळा करायला थांबतील. मग दोन्ही भिंती पाडाव्यात. मामांच्या भिंतीची खालची पाच मीटर पुरे, असं मी म्हटलं होतं. या दोन्ही पूर्ण पाडाव्यात, माझ्या अंदाजावर मला आता भरवसा नाही.

त्यानंतर मला विचारावं. मशिदीत उभं राहणं मला शक्य नाही, पण बायकांच्या मंडळापुढे मी उभी राहीन आणि आपण द्याल ती शिक्षा माझ्या नावावर घेईन. मामांना दिलेल्या शिक्षेतली निम्मी माझी आहे. ती कमी करता येत नसेल तर वाटून द्यावी, जेणेकरून लालाच्या वाट्याला काही येणार नाही.

पण ते नंतर. पत्र इथवर वाचलं असेल, तर बाकी बोलणं राहू द्यावं आणि बागेकडे माणसं पाठवावीत. मी दारात उभी आहे. मलाही एक पहार द्यावी.

सेत्ती